आधी उदाहरण, मग सूत्र



महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या बहुतेक मुलांना बारावीबरोबर सीईटी नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यातलं भौतिकशास्त्र पुष्कळांना अवघड वाटतं. मग घरची मंडळी शहरातल्या शिकवणीची चौकशी करतात, आणि वेळप्रसंगी कर्ज काढून फी भरतात. शिकवणी लावू नका असं मी म्हणत नाही. पण त्याआधी गावात राहून मुलाला आणि त्याच्या शिक्षकांना काय करता येईल, ते पाहू या.

प्रथम परीक्षेचं स्वरूप. सध्याच्या पद्धतीप्रमाणे भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद! वेळ इतका थोडा, म्हणून मुलं सूत्रांची यादी पाठ करतात. इथेच घोटाळा होतो. सूत्र आठवतं, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. विहिरीचं पाणी १५ मीटर खाली आहे. वर पाच अश्वशक्तीची मोटर आहे. काहीच शक्ती वाया जात नाही असं धरलं, तर सेकंदाला किती लिटर पाणी वर येईल? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते १५ मीटर उचलायचं म्हणजे १ गुणिले ९.८ गुणिले १५, एकूण १४७ ज्यूल कार्य. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाचांचे झाले ३७३०. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. ३७३० ला १४७ ने भागलं की उत्तर येतं सुमारे २५ लिटर.

आता घाईत कुणी वॅट न करता नुसत्या पाचालाच १४७ ने भागलं तर? उत्तर येईल ०.०३४ लिटर, म्हणजे धड वाटीभरही पाणी नाही. ज्यानं शेतात पाणी दिलं आहे, तो मुलगा लगेच म्हणेल, “हे कसं शक्य आहे?” हा प्रश्न स्वतःला विचारता येणं, हीच भौतिकशास्त्राची खरी तयारी. खेड्यातल्या मुलाजवळ अशा अनुभवाचं भांडवल पुष्कळ आहे. जात्याचा खुंटा मधे न ठोकता कडेला का ठोकतात, हे ज्याला उमगलं, त्याला बलाचं आघूर्ण निम्मं समजलंच.

दुसरी गोष्ट अकरावीची. प्रश्नपत्रिकेत अकरावीचा भाग साधारण वीस टक्के असतो, म्हणून मुलं ते पुस्तक बाजूला ठेवतात. पण बारावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा आहे चक्रीय गतीचा, आणि तो उभा आहे न्यूटनच्या नियमांवर. पाया कच्चा ठेवून माडी चढवता येत नाही.

तिसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीत इंग्रजी पुस्तक उघडतो आणि गांगरतो. वास्तविक अ‍ॅक्सेलरेशन म्हणजे त्याचं जुनंच त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग, रेझिस्टन्स म्हणजे रोध. ओळख जुनी, नाव तेवढं नवं. शिक्षकांनी पहिल्या महिन्यातच दोन रकान्यांची वही घालून द्यावी. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

आता रोजचा क्रम. आधी पाठ्यपुस्तकातला धडा वाचावा, मग त्यातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडवावीत. आकृती काढावी, एककं लिहावीत. चुकलेली उदाहरणं वेगळ्या वहीत उतरवून आठ दिवसांनी पुन्हा करावीत. शेवटचे दोन महिने मात्र घड्याळ लावून सराव हवा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईई मेनमध्ये चुकीला एक गुण जातो, तिथे उगीच अंदाज मारू नये. नियम बदलू शकतात. त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचावं.

आणि गुरुजनहो, एखाद्या दिवशी वर्ग विहिरीवर न्या. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या, आणि उत्तर २५ लिटरांपेक्षा कमी का भरतं, ते त्यांनाच शोधू द्या. त्या दिवशी शिकलेलं परीक्षेच्या दिवशी आठवावं लागणार नाही.