नवऱ्याचं कार्ड, बायकोची सही

मैत्रिणींनो, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत आता घरोघरी क्रेडिट कार्ड आलंय. माणूस जातो, दहावाही होत नाही, तोच वसुलीवाला दारात. दीर म्हणतात, "कशाला कटकट? करून टाक सही." सही मात्र तिची! माझं म्हणणं, ती करायची नाही.

मेलेल्याचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फेडायचं. वारसाला जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बाईचा स्वतःचा पगार, तिचं स्त्रीधन त्यात येत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात १८६६ सालीच हिंदू वारसांसाठी तसा कायदा झाला. त्याआधी वाट्याला काही आलं नसलं तरी बापाआजाचं कर्ज मुलानातवाच्या गळ्यात. त्याच कायद्यानं विधवेशी लग्न करणाऱ्यालाही तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जातून सोडवलं. म्हणजे सावकार तिथवर पोचत होता!

नवऱ्याच्या नावचं घर, बँकेतली शिल्लक यांवर बँकेचा दावा होऊ शकतो, हे लपवत नाही. पण कारखान्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नॉमिनी बायकोला मिळतात, ते या कर्जातून मोकळे. तुम्ही आधीच जामीन किंवा सहकर्जदार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून तर नवी सही नको.

मृत्यूचा दाखला द्या, पोच घ्या, हिशेब लेखी मागा. घरच्यांना धमकावू नका, चारचौघांत अपमान करू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली बँकांना बजावलंय. कागद इंग्रजीत असला तर इथे घेऊन या. बसून वाचू.