उन्हाळ्यातील कोशिंबीर: रुची आणि सावधगिरी

(ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



चैत्र-वैशाखात गोमंतकाच्या हवेत उष्म्याइतकाच दमटपणाही असतो. घाम ओघळतो, पण वाळत नाही. भूक मंदावते आणि तेलकट-तिखट पदार्थांकडे हात वळेनासा होतो. अशा दिवसांत पानात डाव्या बाजूला वाढलेली काकडीची कोशिंबीर जिभेला आणि पोटाला सारखीच सुखावते. काकडीच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणी असते. तिच्या अंगी मोठे पोषणमूल्य आहे असे मात्र कोणी मानू नये. तिला बळ येते ते सोबत्यांमुळे: देशावरच्या घरांत दही आणि दाण्याचे कूट, गोमंतकीय घरांत करमातील ओले खोबरे, तर कोठे भिजवलेली मुगाची डाळ. ही संगत लाभली म्हणजे स्वस्तातला हा पदार्थ लहान-थोर सर्वांनाच हितकारक ठरतो.

परंतु या पदार्थाचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. भात शिजतो, आमटी उकळते, मासळी तळली जाते. कोशिंबिरीला मात्र अग्नीचा स्पर्श होत नाही. वरून दिलेली फोडणी क्षणभर चरचरते, एवढेच. विस्तव जे काम सहज करून टाकतो, ते येथे स्वच्छ पाणी, स्वच्छ हात आणि वेळेचे भान यांनाच करावे लागते.

हे भय काल्पनिक नव्हे. २०१५ साली अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमुळे ४० राज्यांतील ९०७ माणसे आजारी पडली व त्यांपैकी ६ दगावली. रोगजंतूचे नाव होते साल्मोनेला पूना! हा प्रकार प्रथम पुण्यात ओळखला गेला, म्हणून त्यास ते नाव मिळाले. त्या साथीत पुण्याचा काही दोष नव्हता. शीतगृहे आणि तपासणीच्या प्रयोगशाळा दिमतीला असलेल्या देशात हे घडू शकते, तर उघड्या टोपलीतून बाजारात येणाऱ्या काकडीविषयी निष्काळजी राहून कसे चालेल?

काकडी जमिनीलगत वाढते. माती, शेणखत, सांडपाणी यांचा अंश तिच्या सालीवर राहू शकतो. बाजारात ती टवटवीत दिसावी म्हणून विक्रेता तिच्यावर पाणी शिंपडतो. ते पाणी कोणत्या बादलीतले, हे कोण विचारतो? पुष्कळ गृहिणींचा असा समज असतो की, साल काढायचीच आहे, मग धुवावयाचे कशाला? येथेच चूक होते. न धुतलेल्या काकडीवरून सुरी फिरली की सालीवरची घाण पात्याबरोबर गरात शिरते. म्हणून आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली हाताने चोळून धुवावी, मग सोलावी. पिण्यास योग्य नसलेले पाणी कोशिंबिरीची काकडी धुण्यासही योग्य नव्हे. विहिरीच्या पाण्याची शंका असेल तर ते उकळून गार केलेले असावे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. ज्या विळीवर सकाळी बांगडे कापले, तीच नुसती विसळून तिच्यावर काकडी चिरण्याची रीत अनेक स्वयंपाकघरांत आहे. मासळी पुढे शिजणार असते, काकडी शिजणार नसते. तेव्हा काकडी आधी चिरावी आणि मासळी नंतर कापावी. ते शक्य नसेल तर विळी साबणाने धुऊन घ्यावी. यात खर्च काहीच नाही, केवळ क्रम बदलावयाचा आहे. दाणेही पाहून घ्यावेत. बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते व ते भाजल्यानेही पुरते जात नाही. असे दाणे कूट करण्यापूर्वीच टाकून द्यावेत.

आता कडू काकडीविषयी. काकडीचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानतात आणि तिची रानटी बहीण कडूच असते. लागवडीच्या काकडीतही कडक ऊन आणि पाण्याची ओढ यांमुळे तो जुना कडवटपणा कधी कधी उफाळून येतो, विशेषतः देठाकडे व सालीलगत. देठ कापून तुकड्याने घासले आणि फेस आला की कडूपणा उतरला, असे घरोघर मानतात. खरा उपयोग घासण्याचा नसून देठाकडचा भाग कापून टाकण्याचा आहे. हा कडूपणा कुकुर्बिटॅसिन या द्रव्यांचा असतो. ती धुऊन जात नाहीत, शिजवूनही नाहीशी होत नाहीत. दुधी भोपळ्याच्या कडू रसामुळे देशात मृत्यू घडल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या प्रश्नाचा अभ्यास केला, आणि कडू लागलेला रस मुळीच पिऊ नये असा इशारा तज्ज्ञांनी दिला. या विषावर खास उतारा नाही. ‘कडू ते औषधी’ अशा समजुतीने, किंवा यजमानाला वाईट वाटेल म्हणून, कडू घास गिळण्याचे कारण नाही. प्रत्येक काकडीची एक चकती आधी चाखावी. कडू निघाली तर ती संपूर्ण टाकावी. असे काही खाल्ल्यावर पोटात कळा, उलट्या वा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

शिक्षकांसाठी एक सूचना आहे. शाळेच्या दाराशी मीठ-तिखट लावून बर्फाच्या लादीवर मांडलेल्या काकडीच्या फोडी मुलांना भुरळ घालतात. तो बर्फ खाण्यासाठी केलेला असेलच असे नाही. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा दंडक २०१८ साली आला. मुलांना हा फरक वर्गात समजावून द्यावा, आणि आपल्यासमोर धुऊन चिरून घेतलेली अख्खी काकडी घेण्याची सवय लावावी. पंचायतीनेही ध्यानात ठेवावे की, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार लहान विक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी विक्रेत्यांना स्वच्छ पाण्याची सोय करून देणे हे दंड करण्यापेक्षा अधिक फलदायी होईल.

सर्वांत मोठी कसोटी लग्नाच्या पंगतीत लागते. पहाटे चोचवलेली काकडी, दही आणि खोबरे एकत्र करून झाकून ठेवले जाते आणि शेवटची पंगत बसते दुपारी तीनला. अनुकूल उष्म्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एकाचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक! दह्याच्या आंबटपणाने त्यांना थोडा आळा बसतो, पण मिठामुळे काकडीला पाणी सुटते व तो आंबटपणाही पातळ होतो. म्हणून आचाऱ्याला आधीच सांगून ठेवावे: धुतलेल्या काकड्या अख्ख्याच ठेवाव्यात, प्रत्येक पंगतीपूर्वी लागतील तेवढ्याच चोचवाव्यात, खोबरे ताजे खवावे, मीठ आणि दही पाने मांडल्यावर घालावे. एका पंगतीची उरलेली कोशिंबीर पुढच्या पंगतीच्या पातेल्यात मिसळू नये.