चवथीची साफसफाई आणि आपली कंबर
(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत केलेले भाषण)



चवथ जवळ आली की आपल्या घरोघरी एकच घाई. अंगणात गुडघाभर गवत, पायऱ्यांवर शेवाळ, परसात झावळांचा ढीग. घर मोठे, राहणारी माणसे थोडी. मग एखाद्या रविवारी आपण कोयता, कुदळ, घमेले घेऊन उतरतो आणि वर्षाचे काम चार तासांत उरकू पाहतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे हेच झाले. आम्ही तिघे भाऊ, तिघेही वर्षभर खुर्चीत बसणारे. सहाला उठलो, तोंड धुऊन लगेच कामाला लागलो. अर्धा तासही झाला नसेल. थोरल्या दादांनी गडग्याचा निसटलेला चिरा वाकून उचलला आणि जागच्या जागी अंग वळवून बाजूला टाकला. कंबरेत कळ आली, ते तिथेच बसले. चित्रशाळेतून मूर्ती आणण्याचा मान आमच्या घरी दादांचा. गेल्या वर्षी ती आम्ही धाकट्यांनी आणली आणि दादांनी खाटेवर पडूनच पाहिली.

नंतर आम्ही आमच्या चुका मोजल्या. पहिली वेळेची. रात्रभर आडवे झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तेव्हा खोल वाकले की त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावर तासभर वाकायचे काम नकोच. चहा घ्या, देवाला फुले काढा, फाटकापर्यंत चार फेऱ्या मारा.

दुसरी चूक उचलण्याची. पहारीचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. कंबरेला तो उलटा लागू होतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर, आणि हात लांब करून धरलेले ओझे ४० सेंटिमीटरवर. म्हणजे २० किलोच्या ओझ्यासाठी पाठीला १६० किलोंचा जोर लावावा लागतो, वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. भिजलेला चिरा तर २० किलोंवर थांबत नाही. म्हणून ओझ्याला भिडून उभे राहा, गुडघ्यांत वाका, ओझे पोटाशी धरा. वळायचे तर पाय वळवा. चिरा दोघांनी उचला. ओल्या मातीचे घमेले अर्धेच भरा. आणि हिरांच्या आखूड झाडूने अख्खे अंगण झाडणाऱ्या वहिनींच्या कंबरेचे काय, हे आम्हाला दादा पडल्यावर सुचले! त्या झाडूला आता लांब दांडा बसवला आहे.

कंबरपट्ट्याबद्दल बरेच जण विचारतात. पट्ट्याने दुखापत टळते असा भक्कम पुरावा नाही. जास्त वजन उचलायची हिंमत मात्र वाढते.

कंबर धरलीच तर? दादांना आम्ही आठ दिवस हलू दिले नाही, तेही चुकलेच. एक-दोन दिवस आराम, मग सोसेल तसे चालणे बरे. पण पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेल चोळत बसू नका; तडक इस्पितळ गाठा.

चवथीला अजून तीन रविवार आहेत, काम वाटून घ्या. आम्ही यंदा नागपंचमीपासूनच रोज अर्धा तास गवत काढतो आहोत. दादा चिऱ्यांना हात लावत नाहीत. मूर्ती मात्र मीच आणणार म्हणतात. ती पाटासकट किती किलो भरेल, ते आम्ही चित्रशाळेत विचारून ठेवले आहे.