हस्तक्षेप झाला नाही, हे अर्धसत्य



रवांडाचा विषय निघाला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. तेथील जमातींचे वैर फार जुने होते, हे पहिले. संहार चालू असताना जगाने हस्तक्षेप केला नाही, हे दुसरे. यांपैकी पहिले विधान खोटे आहे. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि म्हणूनच त्याची अधिक बारकाईने तपासणी व्हायला हवी.

घटनाक्रम थोडक्यात असा. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान राजधानी किगालीवर पाडण्यात आले. त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मृतांमध्ये बहुसंख्य तुत्सी होते. संहाराच्या आड येणारे हुतूही त्यांत होते. पंतप्रधान अगाथे उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या. त्यांची हत्या दुसऱ्याच दिवशी झाली.

आता त्या ‘जुन्या वैरा’विषयी. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच धर्माचे आचरण करीत आणि त्याच टेकड्यांवर शेजारी म्हणून राहत. त्यांच्यातील भेद पुष्कळसा गुरांची मालकी आणि राजदरबारातील स्थान यांच्याशी निगडित होता. हा भेद कायमचा आणि जन्मजात करण्याचे काम बेल्जियमच्या वसाहती राजवटीने केले. १९३० च्या दशकात तिने प्रत्येकाच्या हाती जमात नोंदवलेले ओळखपत्र दिले आणि तुत्सींना कारभारात अग्रस्थान दिले. १९५९ नंतर सत्तेचे पारडे फिरले, हजारो तुत्सी परागंदा झाले, १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण ते ओळखपत्र मात्र कायम राहिले. १९९४ मध्ये रस्त्यावरील प्रत्येक अडथळ्यापाशी त्याच कागदावरून कोणाला मारायचे हे ठरत होते.

तथापि ओळखपत्र असले म्हणजे संहार होतोच असे नाही. त्यासाठी पैसा, शस्त्रे आणि कारभारयंत्रणा लागते. येथे अर्थकारणाकडे वळले पाहिजे.

रवांडाच्या परकीय चलनाचा मुख्य आधार कॉफी हा होता. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात-कोट्याची व्यवस्था कोसळली आणि जागतिक बाजारातील भाव थोड्याच काळात निम्म्यावर आले. आफ्रिकेतील सर्वांत दाट वस्तीच्या देशांपैकी एक असलेल्या या देशात जमिनीचे तुकडे आधीच अपुरे होते. १ ऑक्टोबर १९९० रोजी परागंदा तुत्सींच्या ‘रवांडा देशभक्त आघाडी’ने युगांडातून सशस्त्र चढाई केली. पुढच्याच महिन्यात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या समायोजन कार्यक्रमानुसार चलनाचे मोठे अवमूल्यन झाले. कॉफीवाल्या शेतकऱ्याची मिळकत घटली आणि रोजच्या गरजेच्या वस्तू महागल्या.

कॉफीच्या भावामुळे वंशसंहार झाला, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. भाव शेजारच्या टांझानियातही पडले. तेथे कत्तली झाल्या नाहीत. हलाखीने माणूस असहाय होतो. त्याला खुनी करण्यासाठी राज्यसंस्थेचा निर्णय लागतो. रवांडात तो निर्णय सत्तेला चिकटून बसलेल्या एका गटाने घेतला. जमीन व नोकरी मागणाऱ्या बेकार तरुणांना त्याने शत्रू दाखवला आणि शत्रूच्या जमिनीचे आमिषही दाखवले. १९९३ मध्ये सुरू झालेले आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र तुत्सींना ‘झुरळे’ म्हणू लागले.

ही सिद्धता चालू असताना जग दूर नव्हते. ते रवांडातच होते. सुमारे पाच हजारांचे सैन्य काही वर्षांत कित्येक पटींनी वाढले, आणि त्याच काळात परकीय मदत व कर्जे येतच राहिली. फ्रान्सने सैनिक, सल्लागार आणि शस्त्रे पुरवली. इजिप्तने शस्त्रे विकली. जानेवारी १९९३ ते मार्च १९९४ या काळात सुमारे ५ लाख ८१ हजार किलो कोयते आयात झाले. कोयता हे शेतीचे अवजार खरे. परंतु ही आयात शेतीच्या नेहमीच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक होती. देशाचे हिशेब तपासणारे तज्ज्ञ राजधानीत येत-जात होते. त्यांची नजर तुटीवर होती; कोयत्यांवर ती गेली नाही.

इशाराही मिळाला होता. राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमियो दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला तार पाठवली: शस्त्रांचे गुप्त साठे आहेत, तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत, साठे ताब्यात घेण्याचा विचार आहे. उत्तर आले की हे अधिकारकक्षेबाहेर आहे, राष्ट्राध्यक्षांना कळवावे. ज्यांच्या गोटात कट शिजत होता, त्यांनाच कळवायचे!

७ एप्रिल रोजी पंतप्रधानांच्या रक्षणासाठी असलेले बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले. त्यानंतर युरोपीय फौजा तत्परतेने आल्या, पण आपापल्या नागरिकांना हलवण्यासाठी. ११ एप्रिलला किगालीतील तंत्रशाळेत आश्रयाला आलेल्या सुमारे दोन हजार लोकांना सोडून बेल्जियमचे सैनिक निघून गेले. त्यांतील बहुतेकांची कत्तल झाली. २१ एप्रिलला सुरक्षा समितीने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. त्या वर्षी रवांडा समितीचा सदस्य होता, म्हणजे संहार घडवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाशी बसून होता. वॉशिंग्टनचे प्रवक्ते ‘वंशसंहार’ हा शब्द टाळण्यासाठी कसरत करीत होते, कारण शब्द उच्चारला की कर्तव्य अंगावर येते. आरटीएलएमचे प्रक्षेपण बंद पाडण्याची सूचना आली, तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या विमानाचा खर्च ताशी सुमारे साडेआठ हजार डॉलर, म्हणून ती नाकारली गेली. मे महिन्यात नवी फौज मंजूर झाली. पण चिलखती गाड्यांच्या भाड्यावरून घासाघीस चालू राहिली आणि फौज पोहोचेपर्यंत संहार आटोपला होता.

हस्तक्षेपाची भाषा बलाढ्य राष्ट्रांच्या स्वार्थाचा मुखवटा असते, ही समाजवाद्यांची शंका रास्त आहे. जून १९९४ मध्ये फ्रान्सने मानवतेच्या नावाने फौज पाठवली. काही जीव वाचले, परंतु तिच्या संरक्षित पट्ट्यातून कित्येक मारेकरी झाईरमध्ये निसटले. संहार अखेर थांबवला तो देशभक्त आघाडीच्या विजयाने, आणि त्या विजयातही निरपराधांचे रक्त सांडले. पण या शंकेच्या आडोशाने स्वस्थ बसता येत नाही. आज्ञेपेक्षा अधिक, सुमारे साडेचारशे सैनिक किगालीत टिकून राहिले. क्रीडागाराला, रुग्णालयाला आणि हॉटेलला पहारा देऊन त्यांनी हजारो माणसे वाचवली. थोडक्या साधनांनीही काय साधते, याचा हा पुरावा आहे.

१९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने शिक्षेबरोबर प्रतिबंधाचेही कर्तव्य सांगितले आहे. बोस्नियाच्या खटल्यात २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: गंभीर धोक्याची जाणीव होताच हे कर्तव्य सुरू होते, आणि ज्याचा प्रभाव अधिक त्याची जबाबदारीही अधिक. या कसोटीवर सावकार आणि शस्त्रविक्रेते पहिल्या रांगेत उभे राहतात. भारताने हा करार १९५९ मध्ये मान्य केला; मात्र त्याला अनुसरून स्वतंत्र कायदा अद्याप केलेला नाही. इतरांना बोल लावताना याचाही विसर पडू नये.

१९९४ च्या उन्हाळ्यानंतर जे सरकार आले, त्याच्या माथी जुन्या राजवटीचे सुमारे एक अब्ज डॉलरचे कर्ज होते. मृतांचे वारस मारेकऱ्यांच्या राज्याचे देणे फेडू लागले. शेवटच्या शंभर दिवसांत सैनिक का आले नाहीत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु त्याआधीच्या चार वर्षांत कर्ज कोणी दिले, शस्त्रे कोणी विकली आणि हिशेब कोणी तपासले, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला पाहिजे. कारण संहार थांबवणे सर्वांत सोपे असते ते त्याची खरेदी चालू असताना.