गाडीची झळाळी आणि दोन बादल्या पाणी

(बंगळूर येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर व्याख्याने झाली आणि नाट्यसंगीताच्या मैफली रंगल्या, त्याच व्यासपीठावरून मोटारगाडी कशी धुवावी हे सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. तथापि घराच्या खालोखाल आपण मध्यमवर्गीय माणसे जिच्यावर पैसा खर्च करतो ती वस्तू बहुधा गाडीच असते. आणि तिच्या रंगाचे सर्वांत अधिक नुकसान ऊनपाऊस नव्हे, तर तिला चकचकीत ठेवू पाहणारा आपलाच हात करीत असतो. एवढे एक विधान आज पटवून द्यावे, असा आमचा मानस आहे.

या प्रमादाचे मूळ आमच्या मते आपल्या माजघरात आहे. देवघरातले तांब्या-पितळेचे उपकरण चिंच लावून घासले की सोन्यासारखे लखलखते, हे आपण लहानपणापासून पाहिले. त्यामुळे घासल्याखेरीज काही उजळत नाही ही समजूत आपल्या अंगात भिनली आहे. पितळेच्या बाबतीत ती खरीच आहे. काळवंडलेला थर गेला की खालून पुन्हा पितळच निघते, आणि पितळ जाड असते. परंतु मुलामा दिलेला दागिना कोणी चिंचेने घासतो काय? आजची गाडी ही मुलाम्याच्या जातीची आहे, पितळेच्या नव्हे.

आपल्यांतील ज्येष्ठांनी ज्या गाड्या सांभाळल्या त्यांची गोष्ट निराळी होती. अॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचा लेप असे. उन्हाने त्याची वरची साय पांढुरकी पडे. मग रबिंग लावून ती काढली, की खालचा ताजा रंग वर येई आणि फडके गाडीच्या रंगाने माखे. पुढे मेण चढविले की गाडी पुन्हा नवी! तेव्हा ज्येष्ठांची ती रीत चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या रंगाला ती योग्यच होती. पण १९८३ साली मारुती ८०० आली, तिच्यामागून नव्या गाड्यांची रांग लागली, आणि मेटॅलिक रंगांबरोबर रंगकामाची पद्धतही हळूहळू पालटली. आता खाली रंगाचा पातळ थर असतो आणि त्यावर पारदर्शक वार्निशासारखा दुसरा थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर’ म्हणतात. झळाळी जी दिसते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सांगावयाचे तात्पर्य, हा थर आपल्या डोक्यावरील केसापेक्षाही बहुधा पातळ असतो. आणि तो झिजताना फडक्यावर रंग येत नाही, त्यामुळे काही गेले हे मालकाला कळतही नाही.

आता धुळीचा विचार करू. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळूतील गारगोटी काचेहूनही कठीण असते. सकाळी अंधारात एक माणूस हातात एक बादली आणि एक फडके घेऊन येतो व इमारतीतील वीस गाड्या पुसून जातो. पाचव्या गाडीपर्यंत ते फडके पॉलिश पेपर झालेले असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ त्याला तेवढाच मिळतो आणि फडकेही आपणच दिलेले असते, बहुधा जुन्या बनियनचे. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने रोज पुसणे ही सगळ्यांत घातक सवय होय. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ऊन पडले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार ओरखडे दिसतात, ते याचेच फळ. ओरखडे वास्तविक सर्व दिशांना असतात. प्रकाशाच्या रोखाशी आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. आठवडाभर धूळ बसू द्यावी आणि मग एकदा नीट धुवावी, हे रोज पुसण्यापेक्षा शतपटीने बरे. शेजारी नावे ठेवतील, ठेवू देत!

नीट धुवावी म्हणजे काय? नळी सोडून धुवावी असे कोणी म्हणेल. येथे आपल्या शहराचे स्मरण ठेवणे भाग आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून वर चढवून येथे आणले जाते. मार्च २०२४ मध्ये बोअर आटले, टँकरसाठी रांगा लागल्या, आणि पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी जाते असे धरले तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटर होतात. परगावाहून येऊन ज्या शहराचे अन्न आपण खातो, त्याचे पाणी गटारात सोडून गाडी चमकविणे आम्हांस तरी शोभत नाही. मौज अशी की कमी पाण्याची रीतच रंगाला अधिक मानवते.

गाडी सावलीत उभी करावी. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करावी, नाहीतर साबण जागच्या जागी वाळतो. प्रथम बागेच्या झारीने पाच लिटर पाणी टपापासून खाली सोडावे आणि पाच मिनिटे थांबावे. हे थांबणे फार महत्त्वाचे. निम्मी माती न घासता भिजून सुटते. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग पुसावा, लगेच दुसऱ्या बादलीत खळबळून त्यातली माती सोडावी, आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत न्यावा. टपापासून सुरुवात करून दारांचा खालचा भाग शेवटी घ्यावा, कारण वाळू तेथेच अधिक. उरलेल्या पाण्यात दुसऱ्या फडक्याने चाके. शेवटी झारीने एकवार निथळावे. असे सारे मिळून पस्तीस लिटरांच्या आसपास पाणी लागते. भांड्यांचा साबण वापरू नये, तो मेणाचा थर काढून टाकतो. आणि कपड्यांची पावडर तर मुळीच नको. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवीत असाल तर त्याहून उत्तम काही नाही. त्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून डाग पडत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास मात्र गाडी उन्हात वाळू देऊ नये. जाड टॉवेल अंगावर पसरून, न घासता, पाणी टिपून घ्यावे. पूर्वी याकामी शामोईचे कातडे वापरीत, आता मायक्रोफायबर बरे. हे टॉवेल घरच्या कपड्यांत धुवावयास टाकू नयेत, ही सूचना भगिनींसाठी नसून बंधूंसाठी आहे.

या शहराचे वैभव म्हणजे झाडे, आणि झाडाखाली गाडी लावण्याचा मोह कोणास होत नाही? परंतु पक्ष्यांची विष्ठा हा रंगाचा खरा वैरी. उन्हात रंग मऊ होतो, विष्ठा कडक होऊन त्यावर घट्ट बसते, आणि संध्याकाळी रंग थंड होताना तिचा ठसा घेऊन आवळतो. म्हणून ती दिसताच ओला बोळा दहा मिनिटे वर ठेवून मऊ करावी व उचलून घ्यावी. नखाने खरवडू नये. चिकाचे तेच.

मेणाविषयी थोडे. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून कार्नोबा मेण मिळते. ते मधमाश्यांच्या मेणापेक्षा बरेच अधिक उष्णतेला वितळते, म्हणून आपल्या उन्हात तग धरते. तीन-चार महिन्यांतून एकदा पातळ हात दिला तरी पुरे. आजकाल सिरॅमिक लेपाचा फार गाजावाजा आहे. त्याने पाणी व माती सहज ओघळतात हे खरे, पण ओरखडे पडतच नाहीत हे खरे नव्हे. दुकानदाराला हजारो रुपये देऊन नंतर जुन्या बनियनने गाडी पुसणाऱ्यांविषयी आम्हांस केवळ आश्चर्य वाटते. हेडलाइटवर टूथपेस्ट चोळण्याचा उपायही असाच. पिवळेपणा जातो, पण उन्हापासून राखणारा थरही जातो, आणि काही महिन्यांत दिवे पूर्वीहून पिवळे!

राहता राहिली खंडेनवमी. येथील आयुधपूजेत गाड्यांना केळीचे खुंट बांधतात, आपण झेंडूच्या माळा घालतो. पूजा अवश्य करावी. मात्र ओल्या हळदकुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर न काढता काचेवर काढावे. काच डाग धरीत नाही. माळ तारेने बांधू नये, आणि बांधलीच तर गाडी हलविण्यापूर्वी सोडावी, कारण वाऱ्याने हलणारी तार दिवसभर ओरखडे काढीत राहते.

बोलून जे समजत नाही ते हाताने समजते. चिटणिसांनी आपली गाडी उदार मनाने देऊ केली आहे. ती खाली जांभळाच्या झाडाखाली असून कावळ्यांनी आमच्या व्याख्यानाची पूर्वतयारी तिच्यावर चोख केली आहे. झारी आणि दोन बादल्या भरून ठेवल्या आहेत. चहा घेऊन सर्वांनी खाली यावे. ऊन कलले आहे, बॉनेट एव्हाना थंड झाले असेल.