कारागिराची शंका आणि संघटनेचे काम

(परभणी येथे तारतंत्री व पंपदुरुस्ती कारागिरांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुम्हा सर्वांच्या अनुभवातल्या एका गोष्टीने आरंभ करतो. दिवसभरात चार ठिकाणची कामे उरकून कारागीर घरी येतो, अंथरुणाला पाठ टेकतो आणि एकाएकी त्याच्या मनात येते : त्या विहिरीवरच्या स्टार्टरची अर्थिंगची तार आपण नीट आवळली होती ना? मालकाच्या लेखी मोटार चालू झाली म्हणजे काम झाले. पण मोटार चालू होणे निराळे आणि काम सुरक्षित होणे निराळे, हे तुम्ही जाणता. अर्थिंग नसली तरी मोटार फिरते, पाणी येते, मजुरीही मिळते. दोष उघडकीला येतो तो तारेचे वेष्टन झिजल्यावर, कोणी ओल्या पायांनी पेटीला हात लावतो त्या दिवशी.

आपल्या जिल्ह्यात ही शंका क्षुल्लक नाही. शेतीची वीज येथे वर्षानुवर्षे पाळीने, पुष्कळदा रात्री मिळत आली आहे. शेतकरी अंधारात, चिखलात, अनवाणी उभा राहून पेटी उघडतो. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भाद्रपदात उत्तम असलेली अर्थिंग वैशाखात निकामी ठरू शकते. म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालीत राहावे लागते. पण हे मालकाला समजावून सांगण्यासाठी लागणाऱ्या दहा मिनिटांची मजुरी तुम्हाला कोण देतो?

अशा शंकेला कोणी भित्रेपणा म्हणतात. मी तिला कारागिराची सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. मात्र केवळ सदसद्विवेकबुद्धीवर लोकांचे प्राण सोपवता येत नाहीत. थकलेल्या माणसाची स्मृती दगा देते. म्हणूनच रेल्वेत, आपल्या पूर्णा जंक्शनावर काय किंवा अन्यत्र काय, सिग्नल दुरुस्त करणारा कर्मचारी यंत्रणेला हात लावण्यापूर्वी स्टेशनमास्तरला लेखी सूचना देतो आणि काम झाल्यावर चाचणी करून ती लेखी परत हवाली करतो, असा दंडक आहे. तो त्या कर्मचाऱ्यावरच्या अविश्वासातून आलेला नाही. एकट्याच्या आठवणीवरचा भार त्याने हलका होतो.

हा दंडक ढिला पडला की काय होते, ते 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात देशाने पाहिले. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेला बदल नकाशावर नोंदलेला नव्हता. त्या दिवशी फाटकाचे काम करताना जोडणी चुकली आणि 290 हून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. ज्याचा दोष सिद्ध होईल त्याला शिक्षा व्हावीच. परंतु चौकशी अहवालाने आणखीही एक गोष्ट नमूद केली. मे 2022 मध्ये त्याच खरगपूर विभागात चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हाच उपाय योजले असते तर हा अपघात घडला नसता. तो वर्षभराचा गाफीलपणा केवळ स्क्रू पिळणाऱ्या हाताच्या माथी मारता येईल काय?

आता आपल्या धंद्याकडे या. विजेची जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि पात्र माणसाच्या देखरेखीखाली व्हावी, हे 1956 च्या नियमांत होते. 2010 आणि 2023 च्या विनियमांतही तेच तत्त्व आहे. कागद उत्तम आहे. व्यवहारात मात्र पुष्कळदा चाचणी अहवालावर सही एकाची असते आणि राबणारे हात दुसऱ्याचे. मेगर लावून वेष्टन तपासल्याखेरीज कशी सही होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मी तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक स्वस्तातल्या माणसाकडे जाईल. खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. मोंढ्यातल्या हमालालाही एक मालक नव्हता; रोज नवा व्यापारी, रोज नवी घासाघीस. तरी हमाल-माथाडी संघटित झाले आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. अनेक मालकांकडे राबणाऱ्यांचेही हक्क मंडळामार्फत बांधून घेता येतात, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

तेव्हा आपण येथून काही निश्चय करून उठू या. चाचणी केल्याशिवाय काम हवाली करायचे नाही. काय तपासले याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहायची, एक आपल्याजवळ ठेवायची, दुसरी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची. एकट्याला मेगर परवडत नसेल तर दहा जणांनी मिळून घ्यावा. तपासणीची मजुरी दरपत्रकात धरावी आणि तो दर तालुक्यात कोणीही मोडू नये. ज्याची सही, त्याची जबाबदारी, ही मागणी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडे आपण एकजुटीने नेऊ.

आणि हे सारे होईपर्यंत ज्याला रात्री शंका येईल, त्याने लाज बाळगू नये. त्याच क्षणी मालकाला फोन करून मेन स्विच बंद ठेवायला सांगावे आणि उजाडताच जाऊन पाहावे. त्या खेपेची मजुरी बुडू न देणे हे संघटनेचे काम आहे.