हरिश्चंद्राआधीं वाटाणा

दिवसा नोकरी सांभाळून रात्रीं संगणकावरचा खेळ रचीत बसणारा हौशी तरुण परळ-दादरकडे आज नवलाचा नाहीं. आरंभीं उत्साह ओसंडतो. पुढें महिने लोटतात, खेळ अपुराच राहतो आणि मन विटतें. अशा वेळीं त्यानें दादासाहेब फाळक्यांकडे पाहावें.

१९११ सालीं गिरगांवांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. अहोरात्र श्रमानें दृष्टि अधू झाली. ती उपचारांनीं सावरली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन आले. परतल्यावर मात्र त्यांनीं एकदम हरिश्चंद्राच्या कथेस हात घातला नाहीं. कुंडींत वाटाणा पेरून त्याची वाढ ते दिवसामागून दिवस टिपीत राहिले. तो मिनिटभराचा चित्रपट मोजक्या मंडळींनीं पाहिला, आणि भांडवल देणारे पुढें आले. फिल्मला भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाईंनीं उचललें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला.

अपुऱ्या राहिलेल्या मोठ्या संकल्पानें मन थकतें, आणि जागरणानें डोळे. लहानसा खेळ पुरा करून चौघांस दाखविला, म्हणजे पुढच्या खेळाचें बळ त्यांतूनच मिळतें.